गोचिडांवर मेटारायझियम: पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका

हुमणी आणि तुडतुड्यांसाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारी मेटारायझियम या कीड मारणाऱ्या बुरशीची पावडर आता गोठ्यातल्या गोचिडांसाठीही सर्रास विकली जाते. दुकानदार सांगतो, पंपाला पन्नास ग्रॅम टाका, गायीवर फवारा, आठवड्यात गोचीड साफ. यातली बुरशी खरी आहे आणि ती गोचीड मारते हेही खरे. पण सांगितल्याप्रमाणे वापरली तर बहुतेक गोठ्यांत तिचा काहीच गुण येत नाही, कारण मात्रा चुकते, जागा चुकते आणि वेळही चुकते. तिन्ही जुळवली तर गोठ्यासाठी ही पावडर घेण्यासारखी आहे. गायीच्या अंगावर मारायचे औषध म्हणून मात्र आम्ही तिची शिफारस करत नाही.

आधी लेबलाबद्दल. आपल्याकडे मेटारायझियम अ‍ॅनिसोप्लीची १.१५ टक्के डब्ल्यू.पी., म्हणजे पाण्यात कालवायची पावडर पिकांवरच्या किडींसाठी नोंदलेली असते. पाकिटावर पीक आणि कीड छापलेली असते, गोचीड नसतो. म्हणजे गोठ्यात वापरताना कंपनीची मात्रा तुमच्या कामाची नाही, ती स्वतः हिशेब करून काढावी लागते. जनावरांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुभत्या जनावराच्या अंगावर तर काहीच मारू नये, मग ते जैविक का असेना.

बुरशी गोचिडाला कशी मारते हे कळले की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात. बहुतेक रासायनिक औषधे गोचिडाच्या मज्जासंस्थेवर घाला घालतात, त्यामुळे काही तासांत परिणाम दिसतो. बुरशीला मात्र आधी उगवावे लागते. तिचा बीजाणू गोचिडाच्या कातडीला चिकटतो. बीजाणू आणि कातडी दोन्ही मेणचट आणि पाण्याला नाकारणारे असल्यामुळे हे चिकटणे पक्के होते. हवेत भरपूर दमटपणा असेल तर पुढच्या बारा ते चोवीस तासांत बीजाणूला कोंब फुटतो. कोंबाच्या टोकाला एक फुगीर गाठ तयार होते, ती कातडीवर घट्ट बसते आणि तिथून बारीक खुंटी आत घुसू लागते. जोर लावणे आणि विरघळवणे ही दोन्ही कामे एकदमच चालतात: प्रथिने, मेद आणि कायटिन तोडणारी विकरे कातडी मऊ करतात आणि खुंटी आत सरकते. आत पोचल्यावर बुरशी गोचिडाच्या शरीरद्रवात वाढते, डिस्ट्रक्झिन नावाची विषे सोडते आणि त्याचे अन्न खाते. गोचीड मरायला साधारण चार ते दहा दिवस लागतात. मेल्यावर दमटपणा असेल तर पायांच्या सांध्यांतून आणि तोंडाजवळून आधी पांढरे तंतू बाहेर येतात, मग त्यांवर शेवाळी हिरवी भुकटी धरते. बिव्हेरिया बॅसियाना ही किडी मारणारी दुसरी बुरशी असेल तर ती भुकटी पांढरीच राहते.

या सगळ्यात एक फायदा दडलेला आहे. बुरशी तोंडावाटे पोटात जावी लागत नाही, नुसता स्पर्श पुरतो. गोचीड रक्ताशिवाय दुसरे काही खात नाही, त्यामुळे पोटातून काम करणारे बॅसिलस थुरिंजिएन्सिससारखे जिवाणू जमिनीवर फवारले तर त्याच्या पोटात जाणारच नाहीत. स्पर्शाने मारणारी बुरशी म्हणूनच गोचिडासाठी सोयीची. शिवाय सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या रासायनिक गोचीडनाशकांना दाद न देणारे गोचीड देशात अनेक ठिकाणी आढळले आहेत. बुरशीची मारण्याची रीतच वेगळी असल्याने अशा गोचिडांवरही ती चालते. केनियातल्या इसिपे या कीटक संशोधन संस्थेने आपल्या संग्रहातला सातव्या क्रमांकाचा मेटारायझियम वाण अमिट्राझ या गोचीडनाशकाला दाद न देणाऱ्या गोचिडांवर तपासला, तोही याच कारणाने.

आता मात्रेचा हिशेब, कारण खरी गोम इथे आहे. १.१५ टक्के पावडरीत ग्रॅममागे किमान १० कोटी जिवंत बीजाणू असावे लागतात. पाकिटावर ते १ × १०⁸ सीएफयू असे छापतात. लिटरला ५ ग्रॅम ही नेहमीची मात्रा घेतली तर लिटरमध्ये ५० कोटी, म्हणजे मिलिलिटरला ५ लाख बीजाणू होतात. प्रयोगशाळेत गोचीड मारायला साधारण मिलिलिटरला १ कोटी ते १० कोटी बीजाणूंचे द्रावण वापरतात. म्हणजे आपण निदान वीसपट पातळ फवारतो. पानावरची मऊ अंगाची कीड एवढ्यावर कदाचित मरेल, पण चामड्यासारख्या कातडीची रक्त पिऊन फुगलेली मादी मरणार नाही.

मिलिलिटरला १ कोटीची पातळी गाठायची तर १ × १०⁸ च्या पावडरीची लिटरला १०० ग्रॅम मात्रा लागते. १ × १०⁹ ची पावडर असेल तर १० ग्रॅम पुरते. म्हणून भाव किलोवर बघू नका, बीजाणूंवर बघा. ग्रॅममागे १०० कोटींचे पाकीट तिप्पट भावाने मिळाले तरी ते स्वस्तच पडते. शिवाय पावडरीत बीजाणूंसोबत बहुतांश शंखजिरेच असते, ते १०० ग्रॅम एक लिटर पाण्यात कालवले की द्रावण राहत नाही, चुन्यासारखा राडा होतो आणि पंपाचे नोझल पहिल्या पाच मिनिटांत तुंबते. हलकी पावडर आधीच घेतली असेल तर फवारायच्या भानगडीत पडू नका. तिचा घट्ट काला करून जुन्या ब्रशने भेगांत भरा.

पाकिटावर सीएफयूचा आकडा, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि मुदतीची तारीख आणि नोंदणी क्रमांक या गोष्टी नसतील तर ते परत ठेवा. 'जैविक कीडनाशक, सर्व किडींवर उपयुक्त' एवढेच छापलेल्या बाटल्यांत काय आहे ते कोणालाच कळत नाही.

बाजारात तीन रूपे मिळतात आणि तिघांचा गुण सारखा नाही. कोरडी पावडर सावलीत, थंड जागी ठेवली तर टिकते. दुकानात मे महिन्यात पत्र्याखाली पडलेले पाकीट मुदतीच्या आत असले तरी अर्धेअधिक मेलेले असू शकते, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर आलेला ताजा माल मागा. पाण्यातले द्रवरूप वापरायला सोपे, पण ते लवकर उतरते. बाटली फुगली असेल किंवा उघडताच आंबूस, कुजका वास आला तर घेऊ नका. तेलात मिसळलेले रूप गोचिडासाठी सर्वांत सरस, कारण तेल मेणचट कातडीवर पसरते, भेगेच्या आत झिरपते आणि बीजाणूला कोरड्या हवेत काही काळ सांभाळते. ते मिळाले तर जास्त पैसे देऊनही घ्या. चौथे रूप दुकानात नसते: भातावर वाढवलेली ताजी बुरशी. जवळच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या जैविक प्रयोगशाळेत ती मिळत असेल तर आम्ही पाकिटाआधी तिलाच पसंती देऊ. हिरवे झालेले तांदळाचे दाणे साबणाच्या पाण्यात चोळून, फडक्याने गाळून घेतले की द्रावण तयार.

द्रावण कालवताना बहुतेकांचे एक चुकते. पावडर थेट पंपाच्या टाकीत टाकतात. बीजाणू पाण्याला नाकारतात, त्यामुळे ते वर तरंगतात, शंखजिरे तळाशी बसते आणि मधले नुसते पाणी फवारले जाते. आधी वाटीत पावडर घ्या, त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब आणि थोडे पाणी घालून गाठी मोडेपर्यंत घोटा. मग बादलीत पातळ करा, सुती फडक्यातून गाळा आणि टाकीत भरा. लिटरला अर्धा ते एक मिलिलिटर साबण पुरे, जास्त घातला तर बीजाणूंनाच त्रास होतो. तेल मिसळायचे असेल तर करडई किंवा सोयाबीनचे साधे खाण्याचे तेल लिटरला ५० ते १०० मिलिलिटर घ्या, पण ते आधी साबणासोबत फेटून दुधाळ झाले पाहिजे, नाहीतर वर तवंग येतो. पाणी विहिरीचे किंवा साठवलेले वापरा. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असेल तर ते रात्रभर उघडे ठेवून मगच घ्या. द्रावण त्याच संध्याकाळी संपवा.

फवारायचे कुठे? गायीवर नाही, हे पुन्हा सांगतो. रिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा आपल्याकडचा नेहमीचा गोचीड अंगावर साधारण तीन आठवडे राहतो, रक्त पिऊन तट्ट फुगलेली मादी खाली पडते आणि अंधाऱ्या, दमट फटीत जाऊन दोन ते तीन हजार अंडी घालते. पायांवर पांढरे पट्टे असलेला हायलोमा तर वाढीच्या मधल्या अवस्थांतही अंगावरून उतरून भिंतींच्या भेगांत दडतो. संकरित गायींना थायलेरियाचा ताप देणारा हाच. अंगावर दिसतो तो गोचीड थोडा असतो, खरी फौज गोठ्यात असते. आणि बुरशीला लागणारी सावली, गारवा, दमटपणा तिथेच मिळतो. उलट गायीची कातडी तापलेली असते. मेटारायझियम २५ ते ३० अंशांना जोमाने वाढते आणि ३५ च्या पुढे जवळजवळ थांबते. त्यात गाय उन्हात चरते आणि उन्हातली अतिनील किरणे बीजाणू काही तासांत मारतात. प्रयोगशाळेत सरस ठरलेली बुरशी जनावराच्या अंगावर कधी चालते, कधी नाही, त्याचे कारण हेच.

दहा बाय वीस फुटांचा गोठा धरा. जमीन २०० चौरस फूट, चार फुटांपर्यंतच्या भिंती २४० चौरस फूट, मिळून सुमारे ४० चौरस मीटर. त्याला पाच ते सहा लिटर द्रावण लागते. १ × १०⁹ ची पावडर असेल तर एका वेळी ५० ते ६० ग्रॅम. आधी शेण काढा, जमीन धुऊन ओली राहू द्या, जनावरे बाहेर बांधा आणि सूर्य मावळल्यावर फवारा. नोझल भेगेच्या तोंडाशी न्या आणि द्रावण आत ओघळू द्या. गव्हाणीच्या बाहेरची बाजू, खुंट्यांचे बुंधे, मूत्रनालीच्या कडा, दगडी भिंतीचे सांधे, लाकडी खांबांच्या फटी, कोपऱ्यातला जुना गोणपाट आणि उकिरड्याची गोठ्याकडची बाजू या जागा चुकवू नका. गव्हाणीच्या आत आणि चाऱ्यावर मारू नका. पुढचा फवारा आठ ते दहा दिवसांनी, असे निदान चार वेळा. अंडी घालून ती फुटायला तीन ते सहा आठवडे जातात, तोवर नवी पिल्ले निघतच राहतात. अंडी आणि सहा पायांची बारीक पिल्ले बुरशीला लवकर बळी पडतात, म्हणून तीच गाठायची असतात.

हंगामही पाहावा लागतो. जून ते ऑक्टोबर हा या औषधाचा काळ. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पत्र्याचा गोठा दिवसा चाळिशी पार करतो, तेव्हा पैसे वाया घालवू नका. त्या दिवसांत भेगा बुजवणे, उकिरडा लांब नेणे आणि डॉक्टरांनी दिलेले गोचीडनाशक नेमक्या मात्रेत लावणे हेच खरे काम.

गुण न येण्याचे आणखी एक मोठे कारण म्हणजे चुना. गोठा स्वच्छ म्हणजे चुना भुरभुरलेला आणि फिनेल मारलेला, असे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. सोमवारी बुरशी आणि बुधवारी फिनेल केले तर आधीचा खर्च धुऊन जातो. चुना, फिनेल, ब्लीचिंग, मोरचूद यांपैकी काही मारले असेल तर गोठा धुऊन आठ-दहा दिवस जाऊ द्या, आणि बुरशीच्या महिनाभरात यांना हात लावू नका. डास हटवायला धूर केला तर हरकत नाही. कडुनिंबाच्या तेलाची तयार औषधे एकाच टाकीत मिसळू नका, त्यातली इमल्शन करणारी द्रव्ये बीजाणूंना मारक ठरू शकतात.

आपले पाकीट जिवंत आहे की नाही हे घरीच तपासता येते, आणि हे प्रत्येकाने करावे असे आमचे मत आहे. सकाळी गोठ्यात पडलेल्या वीस फुगलेल्या माद्या गोळा करा. दहा माद्या बुरशीच्या द्रावणात आणि दहा नुसत्या साबणाच्या पाण्यात एक मिनिट बुडवा. कागदावर टेकवून पाणी टिपा, मग वेगवेगळ्या प्लास्टिकच्या डब्यांत ठेवा. झाकणाला सुईने बारीक भोके, कोपऱ्यात ओल्या कापसाचा बोळा, डबे सावलीत. साध्या पाण्यातल्या माद्या तीन ते पाच दिवसांत चकचकीत तपकिरी अंड्यांचा चिकट पुंजका घालू लागतील. दुसऱ्या डब्यात पाचव्या दिवसापासून माद्या काळवंडून निपचित होऊ लागतात. अंडी थोडीच येतात आणि तीही सुकलेली, एकमेकांपासून सुटी. दहाव्या दिवसापर्यंत काहींच्या पायांच्या बुडाशी पांढरे तंतू आणि मग हिरवी भुकटी दिसली पाहिजे. काळी किंवा पिवळट हिरवी केसाळ बुरशी आली तर ती डब्यातल्या घाणीची, मेटारायझियमची नव्हे. साध्या पाण्यातल्या माद्याही मेल्या तर चाचणी पुन्हा करा. दोन्ही डबे सारखेच दिसले तर पाकीट मेलेले आहे. शेवटी डब्यात उकळते पाणी ओता, अंडी उघड्यावर टाकू नका.

अपेक्षा किती ठेवावी? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या डचेस काउंटीत २०१७ पासून चार वर्षे चोवीस वस्त्यांमध्ये मोठा प्रयोग झाला. मेटारायझियम ब्रुनियमच्या एफ-५२ वाणाचे मेट-५२ हे तयार औषध घरांच्या आवारांत फवारले गेले, आणि उंदरांना फिप्रोनिल हे गोचीडनाशक लावणाऱ्या पेट्याही ठेवल्या गेल्या. पेट्यांमुळे गोचीड सुमारे निम्म्याने घटले, बुरशीच्या फवाऱ्याने मात्र ठसठशीत फरक पडला नाही, आणि माणसांतले गोचीडजन्य आजार कशानेच कमी झाले नाहीत. त्यावरून बुरशी कुचकामी ठरत नाही. मोकळ्या अंगणात वर्षातून दोनदा फवारून ती पुरी पडत नाही, एवढे दिसते. बंदिस्त, दमट, भेगांचा गोठा ही तिच्यासाठी कितीतरी चांगली जागा आहे, आणि तिथेही ती एकटी पुरत नाही. अंगावरच्या गोचिडांसाठी डॉक्टरांचे औषध, गोठ्यासाठी बुरशी आणि भेगांसाठी सिमेंट, अशी विभागणी केलीत तर दोन महिन्यांत फरक दिसतो. रासायनिक औषधाच्या फेऱ्या कमी झाल्या की दुधात उतरणारे अंशही कमी होतात.

जंगलातल्या गोचिडांसाठी मात्र हिच्यावर भिस्त ठेवू नका. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून आणि दोडामार्ग-सावंतवाडी भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो पसरवणारा हिमाफायसॅलिस जातीचा गोचीड रानातल्या पाचोळ्यात असतो. तिथे आरोग्य खात्याकडून मिळणारे अंगाला लावायचे तेल आणि अंगभर कपडे हेच उपाय.

हाताळताना नाकातोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवा. ही बुरशी माणसाला सहसा त्रास देत नाही, पण भुकटीने दमा उठू शकतो आणि डोळ्याच्या बुबुळाला संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. आणि घरात किंवा शेजारी रेशीम कीटकांचे संगोपनगृह असेल तर मेटारायझियम आणि बिव्हेरिया दोन्ही विसरून जा. १८३५ मध्ये अगोस्तिनो बास्सी याने रेशीम अळ्यांच्या मस्कार्डिन रोगामागे बुरशी असल्याचे दाखवले, ती हीच बिव्हेरिया. तिच्या नावातले 'बॅसियाना'ही त्याच्यावरूनच आले. जालना, बीड, बारामतीकडे तुतीची लागवड वाढली आहे. वाऱ्याने उडालेले किंवा कपड्यांवरून गेलेले बीजाणू अख्खी बॅच पांढरी करून टाकतात.

पाकीट उघडल्यावर तोंड घट्ट बांधून, हवाबंद डब्यात, घरातल्या सर्वांत थंड जागी ठेवा आणि त्याच पावसाळ्यात संपवा. टाकीत द्रावण उरले तर ते गटारात न ओतता उकिरड्याच्या ओल्या थरांत मुरवा. नारळाची बाग असेल तर तिथेच गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढत असतात आणि मेटारायझियम त्यांनाही लागते.